ओट्यामागची काच

इंदूरच्या लालबाग महालाचं बांधकाम 1886 ते 1921 असं पस्तीस वर्षं चाललं. या महालाचा मुदपाकखाना खान नदीच्या पलीकडच्या काठावर होता आणि तिथलं ताट भुयारातून महालात येई. होळकरांना फोडणीचा धूर नदीपार ठेवता आला. रामबागेत, राजेंद्रनगरात किंवा बायपासकडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घराला ती सोय नाही. तिथे मोहरी तडतडते ती बैठकीपासून चार पावलांवर, आणि तिचे पहिले शिंतोडे उडतात ते ओटा आणि वरची कपाटं यांच्यामधल्या दोनेक फुटांच्या भिंतीवर. मिस्त्री या पट्ट्याला डॅडो म्हणतात. पूर्वी तिथे पांढरी सिरॅमिक टाइल ठरलेली असायची. आता अनेक गृहिणी काचेच्या टाइलवर बोट ठेवतात.

ही निवड चांगली आहे. काच तेल पीत नाही, हळद पीत नाही, पाणी पीत नाही. अंधाऱ्या स्वयंपाकघरात ती खिडकीचा उजेड पुढे सरकवते. मात्र ती काही शोषत नाही म्हणूनच बसवायला कठीण जाते. सिरॅमिक टाइलच्या सच्छिद्र पाठीत सिमेंट शिरतं आणि पकड घेतं. काचेच्या गुळगुळीत पाठीत त्याला शिरायला जागाच नसते, म्हणून तिला पॉलिमर मिसळलेलं अ‍ॅडहेसिव्हच लागतं.

इंदूरला काचकाम नवं नाही. राजवाड्याजवळ इतवारिया बाजारात सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं जैन काच मंदिर आहे. भिंती, छत, खांब सगळं काचेनं मढवलेलं. गाभाऱ्यातल्या आरशांत तीर्थंकरांच्या मूर्ती एकामागे एक उमटत दूर जातात. ते बघून आलेल्या माणसाला वाटतं की काच लावली म्हणजे लखलखाट आपोआप येतो. पण आरशाच्या तुकड्याला पाठीमागून कलई असते, त्यामुळे तो कशावर बसवला आहे हे डोळ्याला कळत नाही. जुन्या शीशमहालांतलं हे काम म्हणूनच चुन्याच्या गिलाव्यातही शोभतं. स्वयंपाकघरासाठी मिळणाऱ्या बऱ्याच टाइल अर्धपारदर्शक असतात. त्यांच्या आरपार मागचा मसाला दिसतो.

म्हणून या कामात पैसा आणि लक्ष आधी भिंतीला द्यायला हवं, टाइलला नंतर. घरमालक नेमकं उलट करतात. महागडी टाइल पसंत होते, आणि ती मग करड्या सिमेंटच्या घोळावर थापली जाते. समुद्री हिरवी म्हणून आणलेली काच भिंतीवर चढताच गढूळ दिसू लागते. काही मिस्त्री सवयीनं टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे लावतात आणि ठोकून बसवतात. सिरॅमिकमध्ये ही हलगर्जी झाकली जाते. काचेत मधली पोकळी काळसर ढगासारखी दिसते आणि ती कितीही पुसली तरी जात नाही.

योग्य पद्धत संथ आहे. अ‍ॅडहेसिव्ह पांढरंच घ्यायचं. दातेरी थापीनं ते पसरलं की तिच्याच सपाट कडेनं रेघा मोडून गुळगुळीत थर करायचा, नाहीतर त्या रेघा काचेतून दिसतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या थरावर काही मिनिटांतच साय धरते आणि काच वरवर चिकटते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी, पंखा बंद ठेवून, दोन-तीन चौरस फुटांपुरताच मसाला लावावा. काम झालं की थांबावं. मसाल्यातलं पाणी काचेतून बाहेर पडत नाही, त्याला वाट फक्त सांध्यांतून असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सांधे भरायला बसण्याची घाई नको. किमान दोन दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त थांबणं बरं.

भिंतीचा आणखी एक प्रश्न खास माळव्यातला आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि कमी खोल पाया असलेल्या घरांच्या भिंती तडकवते. प्लास्टरमधली केसाएवढी चीर रंगाखाली लपते. तिच्यावर काच चिकटवली तर पुढच्या हंगामात ती चीर टाइलमधून सरळ रेघेत वर येते. जुन्या घरात काम धरण्याआधी प्लास्टरवर बोटांनी टकटक करावी, पोकळ वाजेल तिथलं काढून नवं करावं, चिरेवर अ‍ॅडहेसिव्हखाली जाळीची पट्टी किंवा लवचीक पडद्याचा थर द्यावा. नवं प्लास्टर असेल तर ते चार आठवडे मुरू द्यावं. मग सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला लावून बघावी. पट्टीमागे एका सुताहून जास्त फट दिसली तर आधी भिंत सरळ करावी. आजकाल कपाटांखाली एलईडीची पट्टी असते. तिचा उजेड भिंतीला घासत खाली येतो आणि वर आलेल्या प्रत्येक टाइलच्या कडेची सावली पाडतो.

आता निवड. सगळ्यात आकर्षक दिसते ती मोझाइक, म्हणजे जाळीवर चिकटवलेल्या छोट्या चौकोनांची फूटभर शीट. एक इंची चौकोनांच्या शीटमध्ये 144 तुकडे बसतात आणि दर चौरस फुटात सांध्यांची लांबी साधारण 24 फूट भरते. तीन बाय सहा इंचांची टाइल घेतली तर तेवढ्याच जागेत सांधे सुमारे सहा फूट. आठ फूट लांब, दोन फूट उंच डॅडोचा हिशेब केला तर मोझाइकमध्ये 384 फूट आणि मोठ्या टाइलमध्ये 96 फूट सांधा रोज पुसायचा. काच डागत नाही हे खरं, पण घरात डाग पडतो तो सांध्यावर. हळदीतलं कर्क्युमिन तेलात सहज विरघळतं, आणि सांध्यात भरलेलं सिमेंटी ग्राउट ते तेल आनंदानं पितं. उन्हात हा पिवळेपणा फिकटतो, पण ओट्यामागच्या कोपऱ्यात ऊन येतं किती घरांत?

एपॉक्सी ग्राउट यावर खरा उपाय आहे. ते महाग आहे आणि लावणाऱ्याचा हात चालता असावा लागतो. दोन घटक एकत्र केले की ते घट्ट व्हायला लागतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. काचेवर राहिलेला त्याचा पातळ थर वेळीच पुसला नाही तर टाइलची सगळी चमक मारतो. थोडं थोडं कालवणारा, आणि एका हातानं भरत दुसऱ्या हातानं पुसणारा कारागीर मिळाला तरच एपॉक्सी करावं. सिमेंटीच वापरायचं असेल तर वाळूविरहित घ्यावं, कारण वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात.

ओटा आणि टाइलची पहिली ओळ यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून ती सिलिकॉननं भरायची. मीटरभर काच तापमान 40 अंशांनी वाढलं की सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबते, ग्रॅनाइटचा ओटा वजनानं किंचित बसतो, आणि कडक ग्राउट या दोन्ही हालचालींना तडकतं. पहिली ओळही ओट्यावरून धरू नये. लेव्हलनं रेघ मारून तिच्यावरून धरावी, कारण ओटा क्वचितच पूर्ण सपाट असतो.

सांधेच नकोत म्हणणाऱ्यांसाठी पाठीमागून रंगवलेली अखंड काच आहे. शेगडीमागे ती टफन केलेलीच हवी. साधी काच एका जागी तापली, भोवती गार राहिली की चिरते. टफन केल्यावर मात्र तिला भोक पाडता येत नाही, कापताही येत नाही. स्विचबोर्डचं माप सुतानं चुकलं तर अख्खी काच नवी करावी लागते. त्यामुळे वायरिंग आणि कपाटं पूर्ण झाल्याशिवाय माप देऊ नये.

पोहे, बाफले, दिवाळीचं तळण अशा सगळ्याचा राबता असलेल्या इंदुरी मराठी घराला शेगडीमागे तीन बाय सहाची फिक्या रंगाची काच, पांढरं अ‍ॅडहेसिव्ह आणि एपॉक्सीचा सांधा हेच सर्वांत योग्य. मोझाइकची हौस असेल तर ती सिंककडच्या भिंतीवर करावी. तिथे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, पण ते ओल्या फडक्यानं रोज पुसले तर साचत नाहीत. त्या डागांवर व्हिनेगर ओतू नका, सिमेंटी सांधा त्यानं झिजतो. आणि टाइल घेताना दहा टक्के जास्त, एकाच लॉटची घ्या. काचेचा तोच रंग पुढच्या लॉटमध्ये सहसा मिळत नाही.