येते, येतो, येईन

६ जुलै २०२४, शनिवार

उद्या जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा, म्हणून शिकवणीच्या मुली आज लवकर घरी जातील असं वाटलं होतं. गेल्या नाहीत. कांजीच्या वह्या मिटल्या आणि म्हणाल्या, ताई, पुढचं प्रकरण वाचा.

नारिसे कोनोहारा या जपानी लेखिकेच्या ‘उत्सुकुशिइ कोतो’ या कादंबरीचं मराठी मी मार्चपासून करते आहे. छापायला नाही, आमच्या शनिवारच्या बैठकीपुरतं. बैठकीत या दोघी, कोल्हापूरहून राहायला आलेली मावशी, आमच्या कंपनीतला एक धाकटा सहकारी आणि मी. नावाचं मराठी अजून जमलेलं नाही. ‘सुंदर गोष्ट’ म्हटलं की कथा वाटते. ‘कोतो’ म्हणजे हातात धरायची वस्तू नव्हे. जे घडतं, जे असतं, ते.

कादंबरी २००७ची. पुरुषांच्या प्रेमकथा छापणाऱ्या, बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या ‘बॉईज लव्ह’च्या मालिकेतून ती आली. २०१३मध्ये कोदान्शाने ती आपल्या सर्वसाधारण खिसापुस्तकांत घेतली. म्हणजे दुकानातल्या त्या वेगळ्या कपाटातून ती बाहेर आली. असं फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येतं. मला या पुस्तकाबद्दल जे वाटतं त्यात याचा आनंदही आहे.

कादंबरीचा नायक मात्सुओका एका कंपनीच्या विक्री विभागातला, चलाख, बोलका. कामाचा ताण असह्य झाला की शनिवार-रविवारी बायकी कपडे घालून, मेकअप करून शहरात हिंडतो. एका वाईट रात्री तो त्याच वेषात रस्त्यावर अडकतो आणि एक अनोळखी माणूस त्याला मदत करतो. तो माणूस त्याच्याच कंपनीतला, हिरोसुए. आवाजाने उघडं पडू नये म्हणून मात्सुओका मुका असल्याचं सोंग घेतो आणि लिहून बोलतो. हिरोसुए त्या ‘योको’च्या प्रेमात पडतो.

हिरोसुएचा विभाग ‘सोमु’. मुलींनी विचारलं, म्हणजे नक्की काय? नागोयात दोन वर्षं मी सोमुवाल्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. खुर्च्या, दिवे, लिफाफे, बैठकीच्या खोल्या, किल्ल्या. काही बिघडलं की सगळे त्यांना हाक मारतात आणि नीट चाललं की त्यांची आठवण कुणाला येत नाही. मी सरळ ‘ॲडमिन’ लिहिलं. हिरोसुए तिथेही संथ, चुका करणारा, सगळ्यांनी कंटाळून सोडलेला.

१३ जुलै, शनिवार

पेपर बरे गेले म्हणे. ऐकण्याचा भाग कठीण होता.

योकोच्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर धाकटीने मला पकडलं. “ताई, योको कधीच ‘मी येते’ का म्हणत नाही? सारखं ‘मला यायला जमेल’, ‘मला आवडलं’, ‘माझ्याकडून उशीर झाला’. असं कोण बोलतं?”

तिने नेमकं तेच ऐकलं होतं जे मी तीन महिने लपवत होते. जपानी क्रियापदाला लिंग नाही. ‘इकिमास’ म्हणजे जातो, जाते, जाईन, सगळंच. ‘वाताशि’ बायका म्हणतात, तसं कचेरीत पुरुषही म्हणतात. त्यामुळे मुका होऊन सभ्य भाषेत लिहिणाऱ्या मात्सुओकाला व्याकरणात खोटं बोलावं लागत नाही. खोटे कपडे आहेत, नाव आहे, वाक्य नाही. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला फैसला होतो. ‘आलो’ लिहिलं तर सोंग संपलं, ‘आले’ लिहिलं तर त्याने स्वतःच्या हाताने खोटं लिहिलं.

म्हणून मी मधली वाट काढली होती. ‘मी वाचलं’ चालतं, ‘मी पाहिलं’ चालतं. ‘मला’ने सुरू होणारं सगळं चालतं. आणि भविष्यकाळ! ‘मी येईन’ कुणीही म्हणावं, बाईने, पुरुषाने. हे मला चाळिशी उलटल्यावर, एका जपानी कादंबरीमुळे लक्षात आलं.

मावशीला आमचा वाद कळेना. “मग ‘मी येतो’ म्हणू दे की तिला. मी काय म्हणतो, त्यात काय बिघडलं?” मुली हसल्या, मग गप्प झाल्या. कोल्हापूरची मावशी साठ वर्षं ‘मी येतो, मी जातो’ म्हणत आली आहे. तिच्या कानाला ‘येतो’मध्ये पुरुष ऐकूच येत नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. सकाळी खिचडी, मग दुपारभर चिठ्ठ्या.

धाकटीचं बरोबर आहे. जपानी वाक्य सहज आहे, माझं वाक्य अवघडलेलं आहे. मूळ लेखिकेने जिथे काही लपवलं नाही तिथे मी मात्सुओकाला अंग चोरायला लावलं, त्यामुळे तो धूर्त वाटतो. तो धूर्त नाही. तो एका माणसाच्या चांगुलपणात अडकला आहे आणि त्याला बाहेर पडायचं नाही.

सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. ‘वाट पाहते आहे.’ ‘आज दमले.’ लिहिताना प्रत्येक वेळी हात अडखळला. ‘येईन’ मात्र जिथे आलं तिथे तसंच ठेवलं.

२० जुलै, शनिवार

आज कडाक्याचं भांडण.

मात्सुओका हिरोसुएला सांगून टाकतो की मी पुरुष आहे. हिरोसुएने त्याआधी योकोला सांगितलेलं असतं की तू कोणीही असलीस तरी माझं प्रेम तसंच राहील. आणि मग त्याच्याने होत नाही. तो मागे सरतो, टाळतो, दुखावतो, पुन्हा जवळ येतो, पुन्हा मागे. थोरली इतकी संतापली की पाणी प्यायला उठून गेली. “असल्या माणसासाठी एवढी पानं? मात्सुओकाने याला सोडून का दिलं नाही?” धाकटीही तिच्याच बाजूने. इंग्रजीतून, जपानीतून हे पुस्तक वाचलेल्या माझ्या मैत्रिणींचीही पहिली प्रतिक्रिया हीच असते: हिरोसुएचा राग. मात्सुओकावर कुणी रागावत नाही, त्याने महिनोन् महिने फसवलं तरी.

मला हिरोसुए आवडतो असं नाही. पण त्याच्या संथपणावर माझा विश्वास बसतो. या प्रकारच्या कथांत ठरलेलं एक वाक्य असतं: मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस. त्या वाक्याने सगळं एका पानात सुटतं. कोनोहारा हिरोसुएला ते वाक्य देत नाही. त्याला शेकडो पानं लागतात. आपण दिलेला शब्द केवढा मोठा होता हे त्याला दिल्यानंतर कळतं. मोठा शब्द देणारे आणि मग त्याखाली दबणारे पुरुष मी पाहिले आहेत, घरात, ऑफिसात. वाईट माणसं नव्हती ती.

हे बोलले तर थोरली म्हणाली, “ताई, तुम्ही त्याला वाचवताय.” असेल. अनुवाद करताना माणसाच्या इतकं जवळ बसावं लागतं की त्याची बाजू घेतली जाते.

सहकारी आज एक शब्द बोलला नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत तळमजले बुडाले. धाकटी तिकडचीच, पण तिसऱ्या मजल्यावर. सकाळी सहाला तिचा निरोप आला: ‘सुखरूप आहे. गाड्या पाण्यात.’ या शनिवारी बैठक नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

मावशीने सगळ्यांसाठी तांबड्या रश्शाचा बेत केला होता. वाचन थोडंच झालं.

जेवणं झाल्यावर सहकारी थांबला. आम्ही दोघं गॅलरीत. म्हणाला, “ताई, त्या आधीच्या चिठ्ठ्या, ‘मला’वाल्या, त्या माझ्याकडे आहेत. मी त्या रोज बोलतो.”

तो आणि त्याचा जोडीदार चार वर्षं एकत्र राहतात. हे मला माहीत आहे, ऑफिसला नाही. कुणी विचारलं की वीकेंडला कुठे, तर ‘आम्ही लोणावळ्याला होतो’. घाई का, तर ‘घरी वाट बघतायत’. ‘बघतायत’! त्यात कोण, किती, बाई की पुरुष, काही कळत नाही आणि खोटंही नाही. चार वर्षांत त्याने एकदाही ‘तो’ म्हटलेलं नाही. आणि मी, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून, त्याच व्याकरणाला ‘युक्ती’ म्हणत होते.

मी विचारलं, मग त्या परत घेऊ का? तो बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिला. “नको. तो खोटं बोलतो, मी गाळतो. दोन्ही सारखं नाही. त्याला ‘येते’च लिहू दे.”

मग त्याने विचारलं की अशा गोष्टी जपानमधल्या समलिंगी पुरुषांना कशा वाटतात. मी त्याला सातो मासाकींबद्दल सांगितलं. १९९२मध्ये त्यांनी स्त्रीवादी बायकांच्या एका छोट्या पत्रिकेत उघड राग लिहिला होता: बायकांनी रंगवलेले हे देखणे पुरुष म्हणजे आम्ही नव्हे, आणि त्यांच्या करमणुकीत आमची हेटाळणी आहे. त्यावर लेखिकांनी, वाचकांनी उत्तरं दिली, वाद कितीतरी वर्षं चालला. काहींनी कबूल केलं की आपण खऱ्या माणसांचा विचारच केला नव्हता. काहींनी म्हटलं की बायकांना स्वतःच्या शरीरापासून दूर जाऊन प्रेम कल्पायला दुसरी जागा नव्हती. मला दोन्ही बाजू पटतात, आणि तरी सातोंचा राग मला जास्त जवळचा वाटतो, कारण जगायचं त्यांना होतं.

“मला राग नाही आला,” तो म्हणाला. “प्रेमाच्या भागाने मला विशेष काही झालं नाही. पण नकार मिळाल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत कामाला जायचं, ते वाचून झोप लागली नाही.”

१० ऑगस्ट, शनिवार

दुसरा भाग. हिरोसुएची नोकरी जाते, तो गावी परततो. मुलींचा राग अर्धा उतरला. एकीला वाटतं हे अन्यायकारक आहे, दुःख पाहून माफ करायला लावणं. मी वाद घातला नाही.

माझ्यापुढे आता वेगळाच प्रश्न आहे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी करायचं? जपानीत असा एक क्षण नसतो. आदरार्थी क्रियापद हळूहळू सैल होतं, एखाद्या वाक्यात परत घट्टही होतं. मराठीत ते एका ओळीत तुटतं आणि सगळ्यांना ऐकू जातं. सहकारी म्हणाला, आमच्याकडे ते भांडणात झालं होतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

शेवटची पानं. मात्सुओका हिरोसुएच्या गावी जातो. मी ‘तू’ त्यांच्या भांडणातच ठेवलं, मध्येच, कुणाच्या लक्षात येईल न येईल असं. थोरलीच्या आलं. ती काही म्हणाली नाही, फक्त वर बघितलं.

पुरुष म्हणून, स्वतःच्या आवाजात, मात्सुओका हिरोसुएसमोर ‘आलो’ म्हणतो तो शब्द मराठीत माझा आहे, जपानीत तिथे लिंग नाहीच. तेवढं स्वातंत्र्य मी घेतलं. वाचताना माझा आवाज हलला. सहकाऱ्याने ते पान मागून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

पाऊस थांबला होता. मावशीला भाचीकडे बाणेरला जायचं होतं. ती दारात चप्पल शोधत म्हणाली, “येतो गं मी.” आणि तो तिची पिशवी उचलत म्हणाला, “थांबा मावशी, मी सोडतो. मग मला घरी जायचंय, तो वाट बघतोय.”