पायाला पत्री, शिंगाला शेंबी

आमच्या आटपाडी भागात कुणी नवी-जुनी गाडी घेतली की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'ॲव्हरेज किती देती?' आणि दुसरा, 'खालनं किती उंच हाय?' पुण्या-मुंबईच्या मंडळींना दुसऱ्या प्रश्नाचं हसू येतं. पण डांबरी रस्ता सोडून वस्तीवर, डाळिंबाच्या बागेत जायचं म्हटलं की मुरूम, खडक आणि कोरड्या ओढ्यातले गोटे यांच्याशी गाठ असते. वरून गाडी कितीही देखणी असो, इथे तिची परीक्षा पोटाखालून होते!

आमच्या पुतण्याच्या मुलाने एक सेकंडहँड जीप घेतली आहे. एकदा ओढा ओलांडताना एक गोटा इंजिनाच्या चेंबरला लागला आणि ऑइल सगळं वाळूत गेलं. लाल दिवा लागताच त्याने इंजिन बंद केलं म्हणून निभावलं. ऑइलशिवाय इंजिन चालत राहिलं असतं तर आतले भाग एकमेकांवर घासून जाम झाले असते आणि खर्च जीपच्या किमतीच्या आसपास गेला असता. मग चेंबर बदललं आणि खालून पोलादी पत्रा बसवायचं ठरलं. त्याला 'स्किड प्लेट' म्हणतात. दिघंचीच्या रस्त्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे नातवाबरोबर मीही गेलो. मला दुसरं काम काय!

मला वाटलं होतं, पत्रा कापायचा आणि ठोकायचा. तसं नसतं. त्याने आधी टीव्हीचं रिकामं खोकं फाडून पुठ्ठा घेतला, जीपखाली उताणा झोपला आणि पुठ्ठा लावून, कापून, दुमडून पोटाचा आकार काढला. चॅसीला कंपनीची जी भोकं असतात तीच खडूने पुठ्ठ्यावर उतरवून घेतली. "सर, चॅसीला वेल्डिंग मारायचं न्हाय. तापली की तिथलं पोलाद बिघडतं. सगळं नटबोल्टावर." हा मुलगा शाळेत भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा. आता त्याच्या पुठ्ठ्यावरचा एकेक कोन बघून मी गप्प झालो.

जाडी किती घ्यायची यावर नातवाचं आणि त्याचं जुंपलं. नातू म्हणे ५ मिलिमीटर, हा म्हणे ३ पुरे. मी तिथेच गणित केलं. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर त्याचं वजन साधारण ७.८५ किलो भरतं. आमचा तुकडा ७५ सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद, म्हणजे ०.४५ चौरस मीटर. ३ मिलिमीटरचा झाला सुमारे साडेदहा किलो आणि ५ चा साडेसतरा. हे सात किलो जास्तीचं ओझं जन्मभर पुढच्या चाकांवर. मग ताकद कुठून आणायची? तर दुमडून! सपाट कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर खडूच्या ओझ्यानेही वाकतो. त्याच कागदाला पन्हळी घड्या घाला, तो डस्टर पेलतो. हा प्रयोग मी वर्गात किती वेळा केला असेल! त्या पत्र्यालाही त्याने कडा वळवल्या आणि मधे दोन घड्या घातल्या.

बाकीच्या गोष्टीही अशाच विचाराच्या. पुढची कड वर वळवलेली, म्हणजे दगडाला ठेचकाळण्याऐवजी गाडी त्यावरून घसरत जाते. दोन पत्रे जिथे भेटतात तिथे मागच्याची कड पुढच्याच्या वर लपवलेली, म्हणजे पुढे जाताना दगडाला अडकायला कडच सापडत नाही. कौलांसारखंच! बोल्टांची डोकी पत्र्यात बुडवलेली, नाहीतर पहिल्याच खडकावर ती छाटली जायची. ऑइल काढायला एक भोक, वारा खेळायला चिरा. आणि एक ताकीद, "सर, ह्येला सांगा, पत्र्यावर कुसळं साठू द्यायची न्हाईत." वाळलं गवत पत्र्यावर अडकतं, शेजारी तापलेला सायलेन्सर असतो आणि गाडी पेटू शकते. आपल्या माणदेशात कुसळांना काय तोटा!

हे सगळं बघताना मला आमच्या लहानपणीचा लोहार आठवला. तो लाकडी चाकावर लालबुंद धाव चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. धाव आकसून चाक आवळून धरायची. खिल्लारी बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा. जिथे जमिनीशी घासायचं, झिजायचं, तिथे लोखंड. शिंगांना मात्र पितळी शेंब्या. त्या शोभेच्या खऱ्याच, पण शिंगाचं टोकही त्या झाकतात. बैलाच्या शिंगाला कुणी लोखंडाची टोकदार अणी बसवलेली मी तरी पाहिली नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे पोटाचा पत्रा झाल्यावर नातवाने हळूच मनातलं काढलं. पुढे जाड पाइपांचा गार्ड हवा. जत्रेत उठून दिसतो! दुकानदाराने मान हलवली. "त्ये मी करत न्हाय." गाडीचं नाक धडकेत चेपावं म्हणूनच तसं केलेलं असतं. चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसंच. चॅसीला आवळलेला गार्ड तो हिसका थेट आतल्या माणसांपर्यंत नेतो. नव्या गाड्यांत एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचाही हिशेब चुकू शकतो. आणि समोर पायी माणूस असेल तर बोलायलाच नको. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सर्व राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२.

आम्ही तिथे असतानाच आणखी एक गिऱ्हाईक गार्डसाठी आलं आणि नकार ऐकून निघून गेलं. तो महिना मंदीचा होता, ते रिकाम्या दुकानाकडे बघूनच कळत होतं. तरी त्याने हाक मारून परत बोलावलं नाही. एवढंच म्हणाला, "शाळेच्या रस्त्यानं जातात ह्या गाड्या, सर."

आपल्या जिल्ह्यात हातात कला असलेली माणसं कमी नाहीत. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे, देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवत असतील. त्यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ती नियमात बसत नसल्याने केव्हातरी अडवली जाईल हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. कौतुक आणि नियम दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, हे मला त्यात आवडलं.

माझ्या दारावरून रोज पहिली-दुसरीची पोरं शाळेत जातात. रस्त्याला फुटपाथ नाही. जीपचा गार्ड बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीला येतो. स्वतःला जपायचं लोखंड दुसऱ्याच्या लेकराला लागणार असेल तर ते जपणं कसलं?

नातवाने गार्डचा नाद पुरता सोडलाय असं मी म्हणणार नाही. तरुण रक्त आहे. सध्या तरी जीपचं नाक मोकळं आहे, आणि पोटाच्या पत्र्यावर पहिल्याच महिन्यात तीन लांब ओरखडे उठलेत. ते कुणाला दिसत नाहीत, पण त्यातला एकेक ओरखडा चेंबरवर पडला असता.

भावकीतली जी मुलं दिवाळीला उंच गाड्या घेऊन गावी येतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. बाळांनो, पायाला पत्री मारा, शिंगाला शेंबी घाला. असो.