हिवाळी आकडा आणि उन्हाळी आकडा

प्रत्येक यंत्रावर त्याच्या निर्मात्याने एखादा आकडा लिहिलेला असतो. मोटारीच्या टायरवर हवेच्या दाबाचा असतो, पुलाच्या कठड्याजवळ वजनाचा असतो, विहिरीवरील पंपावर अश्वशक्तीचा असतो. माझ्या घरच्या संगणकातील प्रोसेसरचा आकडा होता ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे एका सेकंदात तीन अब्ज तीस कोटी ठोके. संगणकाची सारी गणिते ह्या ठोक्यांच्या तालावर चालतात. हा ताल निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जलद करण्याच्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पुष्कळ तरुण तो हौसेखातर करतात. मला हौस नव्हती, गरज होती. आणि गरजेइतकेच भयही होते.

गरज कोणती ते आधी सांगतो. आमची जिवती चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगतच्या माणिकगड डोंगरात वसली आहे. येथील बाजारात मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू अशा पाच भाषा कानी पडतात. पहिलीच्या वर्गात येणारी कित्येक मुले घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात. पुस्तकातले मराठी ऐकून ती गप्प बसतात. म्हणून मी वृद्ध स्त्रीपुरुषांकडून त्यांच्या भाषेतील गोष्टी कॅमेऱ्यात टिपून, खाली मराठी अक्षरे घालून, वर्गासाठी चित्रफिती करू लागलो. चित्रे व अक्षरे यांची जुळणी झाली, की संगणक ती सारी एकजीव करून अखेरची फीत तयार करतो. माझ्या संगणकाला एका फितीस तीन तास वीस मिनिटे लागत. त्या दिवसांत रात्री सलग तीन तास वीज टिकली, तर ती आमची चैन. जंगलातून आलेली तार, वाऱ्याचा एक झोत, आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून! फितीचे तुकडे पाडून पाहिले. जोडताना आवाज ओठांच्या मागे पडे. माझ्या आणि पुऱ्या झालेल्या गोष्टीच्या मध्ये वीस मिनिटे उभी होती.

भयाचे कारण असे, की संगणक एकच होता. नागपुराहून आणलेल्या जुन्या भागांचा तो बनविला होता. हमीपत्राची मुदत केव्हाच संपली होती. त्याच्या पोटात ज्या वृद्धांचे आवाज साठविले होते, त्यांपैकी एक आजी तोवर ह्या जगात राहिल्या नव्हत्या. यंत्र बिघडले तर चंद्रपुरास नेता येईल. आजींचा आवाज कोठून आणावा? म्हणून वेगाला हात लावण्यापूर्वी मी साऱ्या मूळ ध्वनिचित्रांच्या दोन प्रती केल्या. एक घरातील पत्र्याच्या पेटीत ठेवली. दुसरी घाटाखाली गडचांदूरला एका मित्राच्या स्वाधीन केली. हे काम कंटाळवाणे असते आणि नवशिका नेमके तेच टाळू पाहतो. पण पुढच्या साऱ्या धिटाईचा पाया हाच होता.

आता निर्मात्याचा आकडा ओलांडता येतोच कसा, हे समजून घेतले पाहिजे. प्रोसेसर सिलिकॉनच्या चकतीवर शेकड्यांनी घडविले जातात, आणि एका चकतीवरचे दोन प्रोसेसरही अगदी सारखे निघत नाहीत. कारखान्याने छापलेला आकडा एखाद्या उत्तम नगाची कमाल सांगत नाही. त्या वर्गातील सर्वांत दुबळा नगही, तापलेल्या खोलीत, वर्षानुवर्षे जो वेग पेलील त्याचे ते वचन असते. त्यामुळे बहुतेक नगांच्या अंगी थोडी शक्ती शिल्लक राहते. १९९८ साली इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर विकावयास काढला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मदरबोर्डाचा मूळ ताल ६६ ऐवजी १०० वर नेला, की त्यांतील पुष्कळसे प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर सुखाने चालत. दीडपट वेग फुकट मिळाला, ही वार्ता जगभर पसरली. पुढे कंपन्यांनी ही वाट बहुतेक प्रोसेसरांत बंद केली आणि काहींत मुद्दाम उघडी ठेवली. माझा प्रोसेसर २०११ सालच्या आय-फाइव्ह २५००के ह्या उघड्या वाटेच्या जातीचा होता. त्याचा मूळ ताल १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३३. बायोस नावाच्या पहिल्याच पडद्यावर जाऊन ३३ च्या जागी ३४ लिहावयाचे, एवढीच कृती!

कृती इतकी सोपी असते म्हणूनच ती अवघड. एकदम ४५ लिहिण्यासही तेवढेच श्रम पडतात. वेग वाढला की प्रोसेसरला अधिक व्होल्टेज हवेसे होते. आणि उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के वाढविले तर उष्णता एकवीस टक्के वाढते. वेगाची भर आणखी निराळी. वर्गाचे गणित शाळेत तुम्ही शिकता, ते येथे हाताला चटके देते. शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, हे खरे. पण अधिक व्होल्टेज आणि उष्णता यांनी त्याचे आयुष्य हळूहळू झिजते, ते काही पडद्यावर दिसत नाही.

मी प्रथम वेगाला हातच लावला नाही. पेटी उघडून पंख्याच्या पात्यांतील धूळ काढली. आमच्याकडे कापसाच्या हंगामात धुळीबरोबर तंतूही येतात आणि थंड करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत त्यांची गोधडी बनते. जुना पंखा काढून मोठा बसविला; प्रोसेसर आणि धातू यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप तुरीच्या दाण्याएवढा लावला. आपोआप वेग वाढविण्याची सोय बंद केली. मग मुलांच्या शंभर पानी वहीत पाच रकाने आखले: गुणक, व्होल्टेज, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, परीक्षेचा निकाल. मोठ्या पंख्याने व सफाईने जुन्याच वेगात तापमान बारा अंशांनी उतरले. हा पहिला लाभ मला काही न ओलांडता मिळाला.

परीक्षेविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. वेग झेपला नाही तर संगणक बंद पडतो. ते बरे, कारण ते कळते. वाईट असते ती न दिसणारी चूक. हजारो कोटी गणितांत एखादे उत्तर चुकते आणि फितीत एखादी रेघ, एखादा खरखरता क्षण मागे राहतो. म्हणून यंत्राला अशी गणिते घालतात, की ज्यांची उत्तरे आधीच पडताळलेली आहेत. १९९६ पासून जगभरचे हौशी गणिती आपापल्या संगणकांवर प्रचंड मूळ संख्यांचा शोध घेत आहेत. त्या शोधासाठी रचलेला प्राइम९५ हा कार्यक्रम ह्याच परीक्षेस वापरतात. मूळ संख्येचा कस लावावयाचे साधन जिवतीतल्या एका प्रोसेसरचा कस लावू लागले, याची मला मोठी गंमत वाटली. प्रत्येक पायरीला मी ही परीक्षा वीज टिकेल तितका वेळ चालू ठेवी, आणि निकाल वहीत चढल्याखेरीज पुढचा आकडा लिहीत नसे. ३४, ३५, ३६... एका रात्री एक पायरी. शेजारच्या मुलांना हा वेग फारच मंद वाटे.

शेजारचे शेतकरी काका एकदा सहज येऊन बसले. त्यांचे कुटुंब मराठवाड्यातून येथे स्थायिक झालेले. वहीतले रकाने पाहून त्यांनी विचारले, "मास्तर, घाट चढताना बैलाचं काय बघता तुम्ही?"

"पाय," मी म्हणालो.

"पाय न्हाई बघायचे. नाकपुड्या बघायच्या. पाय शेवटापर्यंत चालतात, श्वास आधी सांगतो. ह्याचा श्वास कुठं दिसतो?"

मी चौथ्या रकान्यावर बोट ठेवले. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

चाळीसपर्यंत व्होल्टेज वाढविण्याची गरज पडली नाही. पुढे मी ते पाच शतांश व्होल्टने वाढविले आणि तेथेच रेघ ओढली. ४२ वर परीक्षा सलग दोन रात्री निर्दोष उतरली. ४३ वर अकराव्या मिनिटाला एक उत्तर चुकले. आणखी व्होल्टेज दिले असते तर कदाचित जमले असते. पण मला फीत हवी होती, विक्रम नव्हे. जानेवारीतील त्या रात्री खोली वीस अंशांवर होती, प्रोसेसर सहासष्टवर. फीत दोन तास सदतीस मिनिटांत पुरी झाली. तिच्यातील आजींचा आवाज मी मूळ आवाजाशी ताडून दोनदा ऐकला.

मात्र वहीचा तिसरा रकाना मी शोभेसाठी आखला नव्हता. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; दोहोंतील अंतर तेवढे तो ठराविक राखतो. माझ्या यंत्रात हे अंतर सेहेचाळीस अंशांचे होते. थंड देशांतील लोक अभिमानाने सांगतात ते आकडे त्यांच्या खोल्यांचे आकडे असतात. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अतिशय कडक उन्हाळ्यांत गणला जातो. आम्ही डोंगरावर असल्याने थोडे सुटतो, पण पत्र्याखालची खोली मे महिन्यात एकेचाळीसवर जातेच. एकेचाळीस आणि सेहेचाळीस म्हणजे सत्त्याऐंशी. मी स्वतःसाठी ऐंशीची लक्ष्मणरेषा आखली होती. म्हणून होळी झाल्यावर व्होल्टेज मूळ जागी आणले आणि गुणक ३८ केला. त्या वेगाला फीत दोन तास चौपन्न मिनिटांत होते. तीन तासांत बसते, जेमतेम का होईना.

उष्णतेपुढे थोरामोठ्यांनाही थांबावे लागले आहे. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर काढण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला आणि पुढे एकाच ठोक्याला घाई करण्याऐवजी एका प्रोसेसरात अनेक गाभे बसविण्याची वाट धरली. अनेकांना एकाच कामाला जुंपण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रोसेसरांना एकत्र राबवूनच. मला दुसरा संगणक घेणे शक्य असते तर मीही वहीऐवजी तोच मार्ग पत्करला असता.

ह्या वर्षी कोलामीतील चार गोष्टी व्हावयाच्या आहेत. दोन उन्हाळी आकड्यावर पुऱ्या झाल्या. मृगाचा पाऊस पडून खोली तिसांच्या खाली आली, की पंखा पुन्हा साफ करीन, परीक्षा पुन्हा लावीन आणि मग ३९ लिहीन.