कोअर फाइल आणि हिराइसेचा पाठ

संगणकावर चालू असलेला प्रोग्रॅम अचानक कोसळला की त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे काही होते त्याची एक नक्कल यंत्र फाइलीत उतरवून ठेवते. तिला ‘कोअर फाइल’ म्हणतात. ‘कोअर’ हा शब्द जुना आहे. पूर्वी संगणकाची स्मृती म्हणजे तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या असत; त्या कड्या म्हणजे कोअर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ची स्मृतीही अशाच कड्यांची होती आणि तिच्यात २०४८ ‘शब्द’ मावत (हे यंत्राचे शब्द, आपले नव्हेत). कड्या गेल्या, नाव राहिले. भाषेच्या अभ्यासकांना याचे नवल वाटू नये.

या विषयाशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. ती आमच्याकडेच, खडवलीला राहते आणि रोज लोकलने नोकरीला जाते. तिच्या कार्यालयाने एका ग्राहकाला दिलेला प्रोग्रॅम वारंवार कोसळू लागला. कोअर फाइल तपासली गेली आणि दोष भाचीने लिहिलेल्या फंक्शनात आहे असा अहवाल निघाला. पुढचे काही आठवडे घरात तिचा आवाज फारसा ऐकू आला नाही. मग एका रविवारी ती म्हणाली, “मावशी, ती कोअर फाइल त्या प्रोग्रॅमची नव्हतीच. नाव तेच होतं, पण बिल्ड वेगळं होतं.”

तिने मला जे समजावले ते असे. कोअर फाइलीत प्रोग्रॅमच्या सूचना सहसा नसतात, कारण त्या कंपाइल झालेल्या मूळ फाइलीत, म्हणजे एक्झिक्युटेबलमध्ये, असतातच. कोअरमध्ये असतो तो चालू हिशेब: कोणत्या चलाची किंमत काय होती, कोणत्या फंक्शनाने कोणाला बोलावले होते, परतायचे कुठे. आणि हे सारे नुसत्या आकडी पत्त्यांनी लिहिलेले. त्या पत्त्यावर कोण राहते हे कळण्यासाठी एक्झिक्युटेबल शेजारी ठेवून वाचावे लागते. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर तळटीपेत ‘पृ. २१४’ एवढेच असावे आणि आपण त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती उघडावी. पान २१४ तिथेही असते, त्यावर मजकूरही असतो, वाक्याचा अर्थही लागतो. फक्त टीपकाराच्या मनात ते वाक्य नसते.

भाचीच्या बाबतीत नेमके हेच घडले. ग्राहकाकडे जुने बिल्ड होते. कार्यालयात कोअर फाइल वाचली गेली ती नव्या बिल्डच्या साहाय्याने. मध्ये काही ओळी वाढल्याने पत्ते सरकले आणि बोट तिच्या फंक्शनावर आले. अहवालात विसंगती असती तर कोणी थांबून पाहिले असते. तो सुसंगत होता, हीच अडचण.

मग पडताळा कशाचा घ्यायचा? जीडीबी नावाच्या डीबगरची जुनी रीत नावाची: कोअरमध्ये प्रोग्रॅमच्या नावाची पहिली १५ अक्षरे नोंदलेली असतात, ती समोरच्या फाइलीच्या नावाशी जुळली नाहीत तर तो इशारा देतो. एक्झिक्युटेबल कोअरपेक्षा नवी दिसली तरी इशारा देतो. त्या दिवशी हा दुसरा इशारा आलाही होता. पण फाइली इकडून तिकडे नेताना तारखा बदलतातच, असे म्हणून तो बाजूला सारला गेला. अधिक भरवशाची सोय २००७ च्या सुमारास लिनक्समध्ये आली. लिंकर हा एक्झिक्युटेबल तयार करतानाच तिच्या मजकुरावरून एक संख्या काढतो आणि तिच्यातच कोरून ठेवतो; लिहून काढली तर बहुधा ४० अक्षरांची. हा बिल्ड-आयडी. मजकूर जरासा बदलला तरी संख्या पार बदलते. ग्राहकाला दिलेल्या प्रतीतून फंक्शनांची नावे पुसली तरी ती शाबूत राहते, आणि कोसळताना कोअर फाइलीतही उतरते. भाचीने दोन्हीकडच्या संख्या शेजारी मांडल्या; त्या जुळत नव्हत्या. जुने बिल्ड शोधून त्याच्याशी कोअर लावली, तर दोष दुसऱ्याच ठिकाणी निघाला. अहवाल बदलला. तिला कोणी ‘चुकलो’ म्हटल्याचे मात्र ऐकिवात नाही.

तिचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे लीळाचरित्र होते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. पुढे, महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे, चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ग्रंथ पुन्हा उभा केला गेला तो ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या नावाचा पाठच आहे. म्हणजे स्मृतीची नक्कल हाती उरली आणि जिच्याशी ती ताडायची ती पोथीच गेली. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते, तिच्यात लेखनिकाचे नाव, शक, स्थळ मिळते. पण पुष्पिका त्या प्रतीविषयी सांगते, मजकूर मूळचाच आहे की नाही हे सांगत नाही. जीडीबीच्या नाव-तारखेच्या इशाऱ्याहून तिची मजल फार पुढे जात नाही.

हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिने सरळ विचारले, “मग तुम्ही खरं कुठलं धरता?”

मी तिला भांडारकर संस्थेच्या महाभारताविषयी सांगितले. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, सारा ग्रंथ व्हायला १९६६ उजाडले. मूळ प्रत नाही, म्हणून असलेल्या प्रती एकमेकींशी ताडायच्या, त्यांची कुळे लावायची, सर्वांत जुना पाठ कोणता असेल ते ठरवायचे, आणि जे नाकारले तेही पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापायचे. ती म्हणाली, “आमच्या अहवालात नाकारलेलं काही छापतच नाहीत.” पाठचिकित्सेच्या तासाला विद्यार्थी तो बारीक टाइप सोडून वरचा श्लोक वाचायला घेतात. यंदा मी त्यांना आधी खालचा भाग वाचायला लावला. पहिला तास दोन श्लोकांतच संपला.