सुगरणीचा नवरा

आम्हांस दोन छंद आहेत. एक लघुकथा लिहिण्याचा व दुसरा पक्षी पाहण्याचा. दोन्ही निरुपद्रवी खरे, परंतु दोघांनाही पहाटच हवी असते. लिहावयास बसावे तर खिडकीबाहेर दयाळ शीळ घालतो. दुर्बीण घेऊन निघावे तर अर्धवट राहिलेले पात्र टेकडीपर्यंत पाठीस लागते. एक ना धड, भाराभर चिंध्या, हे घरच्या मंडळींचे मत आम्हांसही पुष्कळ दिवस मान्य होते.

गेल्या आषाढात आम्ही एक कथा पुरी केली. तीत आई काडीकाडी जमवून संसार उभा करते आणि वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत बसतात. कथेचे नाव अर्थातच 'सुगरण'. वर्णनात थोडा रंग भरावा म्हणून घरटी पाहावयास गावाबाहेरच्या विहिरीवर गेलो, आणि तेथे कथाच उसवली.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर पिवळ्या टोपीचा नर विणीत होता. गवताच्या पातीची कड चोचीत धरून तो लांबच लांब धागा सोलून आणी. मादी आली, अर्ध्या घरट्यात डोकावली आणि निमूट उडून गेली. नर पुन्हा पातीकडे वळला. शेजारी अशी अर्धवट घरटी पाचसहा लोंबत होती. सलीम अलींनी १९३० साली अलिबागेजवळच्या किहीम गावी हाच संसार बारकाईने पाहिला होता. मादीने पसंत केले तरच नर घरटे पुरे करून त्यास नळी जोडतो, आणि मग दुसरे विणावयास घेतो. हे सारे आम्ही पूर्वीच वाचले होते; तरीही भाषेने दिलेल्या स्त्रीलिंगी नावावर विसंबून लेखणी चालली होती.

घरी येऊन कथेतील वडिलांकडे पुन्हा पाहिले. ते आमच्याच वडिलांवर बेतलेले होते. ते आरामखुर्चीत बसत, हे खोटे नव्हे. परंतु दिवसाची नोकरी आटोपून संध्याकाळी एका दुकानाचे हिशेब लिहून ते परतत, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असत. आम्ही त्यांचा तेवढाच प्रहर पाहिला होता आणि त्यावरून माणूस लिहिला होता.

कथा पुन्हा लिहिली. आईचे श्रेय कमी केले नाही, कारण अंडी उबविणे हे काही लहान काम नव्हे. वडिलांस मात्र त्यांचा दिवस परत दिला. नराच्या दुसऱ्या घरट्याचा भाग तेवढा गाळला!

पहाटेचा तंटा आता असा मिटविला आहे: पावसाळ्यात ती पक्ष्यांची, पुढे लेखणीची. कथा महिनाभर उशिरा संपादकांकडे गेली व साभार परत आली. परंतु नापसंत घरट्यापाशी रुसून बसलेला नर आम्ही अद्याप पाहिलेला नाही.