सुईपेक्षा बोचणारे
आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. तांबटाच्या एका ठोक्यात हंडा घडत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेवरची गाठही एका इंजेक्शनने गेली नाही.

आपल्या शरीरात लसीका नावाचा द्रव बारीक नळ्यांतून वाहतो. जन्मापूर्वीच त्या नळ्या नीट घडल्या नाहीत, तर द्रव साचून पिशव्या होतात. डॉक्टर सुईने द्रव काढून आत औषध सोडतात. पिशवीच्या भिंती चिकटतात, गाठ हळूहळू आकसते. जपानमध्ये ओगिता यांनी १९८७ साली ओके-४३२ हे औषध असेच वापरले. ब्लिओमायसिनही वापरतात.

सुई तिने सोसली. पण "जवळ बसू नको, आम्हालाही होईल," हे फार बोचले. अशी गाठ शिवल्याने होत नाही, बरं का! मग बाकावर जागा द्याल ना?