आजी, मदन महाल आणि भिंतीवरचं नाव

आजीला ८१ वं वर्ष लागलं आणि घरात सहस्रचंद्रदर्शनाची चर्चा सुरू झाली. आम्ही जबलपूरच्या रिछाई भागात राहतो. इथे कारखान्यांच्या शेड भरपूर, पण समारंभाला साजेशी जागा शोधावी लागते. पुण्याच्या चुलतबहिणीने फोनवरच तोडगा काढला. "मदन महालात करूया ना! शाही थीम, दिवे, फुलं, आजीला नऊवारी. फोटो काय भारी येतील!"

कल्पना मलाही आवडली. चौकशीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. नियम वाचले आणि उत्साह उतरला. मदन महाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा वास्तूत केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सभा, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही.

आजीला सांगितलं, तर ती हसली. "दुसऱ्याच्या घरी जाऊन आपण तोरण बांधतो का? मला नुसतं एकदा जाऊन यायचंय. गुडघे चालतायत तोवर."

आजी मूळची सागरची. आजोबा इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोघं मदन महालावर गेली होती. त्यानंतर ती पुन्हा कधीच वर चढली नव्हती.

नावाचा महाल

'महाल' ऐकून दिवाणखाने आणि झुंबरं डोळ्यांसमोर आणू नका. टेकडीवरच्या एका प्रचंड शिळेवर उभी असलेली ही छोटीशी दुमजली वास्तू आहे. समोर लहान खोल्या, तबेला आणि पाण्याचं टाकं. वरून लांबवरचा मुलूख दिसतो, म्हणून ही टेहळणीची जागा असावी असं मानतात. नाव गोंड राजा मदनशाहाचं, पण इथल्या माणसांच्या तोंडी मात्र राणी दुर्गावती. मुघल सरदार आसफखानाशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिने प्राण दिले. महालाजवळ सोन्याच्या विटा पुरल्या आहेत, ही दंतकथाही इथे घरोघरी ऐकायला मिळते.

पुढे १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे गेला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि मग इंग्रजांकडे. हे वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "म्हणजे माझ्या माहेरची माणसंही इथे येऊन गेली म्हणायची!"

आजीची चढाई

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. तुम्हीही जाणार असाल तर हिवाळाच निवडा आणि ऊन चढायच्या आत वर पोहोचा. चांगली पकड असलेले बूट घाला, पाणी जवळ ठेवा.

आधी बॅलन्सिंग रॉक पाहिला. एक अवाढव्य दगड दुसऱ्यावर जेमतेम टेकलाय. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरात घरं पडली, हा मात्र जागचा हलला नाही. "माझ्या गुडघ्यांपेक्षा बरा आहे," आजी म्हणाली.

मग पायऱ्या. आजी थोड्या थोड्या पायऱ्या चढून बसायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा उठायची. बाबांनी दोनदा "परत फिरूया का?" विचारलं. तिने उत्तरच दिलं नाही. महालाच्या शिळेपाशी मात्र ती थांबली.

"आता पुढे तू जा," ती मला म्हणाली. मग हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "आत भिंतीवर एक नाव आहे का बघ. तुझ्या आजोबांनी किल्लीने कोरलं होतं. माझं आणि त्यांचं. मी नको म्हणत होते गं."

मी वर गेले. भिंतींवर नावंच नावं होती. बदाम, बाण, तारखा. शेकडो वर्षं जपलेल्या भिंतीवर कुणाकुणाचं दोन मिनिटांचं प्रेम. आज असं कोरणं हा गुन्हा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एरवी अशी नावं पाहिली की मला राग येतो. त्या दिवशी मात्र मी मोबाइलचा टॉर्च लावून त्यांतलंच एक नाव शोधत होते. सापडावं की सापडू नये, माझं मलाच कळत नव्हतं.

खाली आले. आजी डबा उघडून बाबांना तिळाच्या वड्या देत होती.

"नाही सापडलं," मी तिच्या कानात सांगितलं.

"खरंच नाही?"

"खरंच नाही."

"बरं झालं बाई. इतकी वर्षं धाकधूक होती."

सहस्रचंद्रदर्शन आम्ही घरीच केलं. ८१ दिव्यांनी तिला ओवाळलं, पुण्याची मंडळी व्हिडिओ कॉलवर होती. फोटो खरंच भारी आले. पण माझ्या मोबाइलवर आजही वॉलपेपर आहे तो त्या शिळेखाली डबा घेऊन बसलेल्या आजीचा.

आणि हो, टेकडी उतरताना "बरं झालं" म्हणणाऱ्या आजीने दोनदा मागे वळून पाहिलं होतं.